दुधावरची छत्री

भर उन्हात दुधावर छत्री धरून स्वतः तापत चालणारा माणूस चिखलीत आजवर एकच झाला, आणि तो माझा थोरला साडू. परवा नातसुनेने मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवताना विचारलं, "आजोबा, यानं जीवनसत्त्वं जातात का हो?" आणि मला ते आठवले. नवा महाराष्ट्र झाला त्या सुमाराची गोष्ट. ते कापसाच्या अडतीवर कारकून होते. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, आम्ही ताई म्हणायचो. ताई फार अशक्त. डॉक्टर म्हणाले, "दूध द्या, जीवनसत्त्वं मिळतील." त्या एका शब्दाने हा माणूस झपाटला. दूध फार आटवलं किंवा उन्हात राहिलं की त्यातली जीवनसत्त्वं मरतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं. तेव्हापासून गवळ्याकडून येताना चरवीवर छत्री. रस्त्यात कोणीतरी ओरडायचं, "आलं बे दुधाचं लगीन!" हे शांतपणे म्हणायचे, "दुधाले ऊन बाधते. मले काय होते?"

घरी चुलीपुढे पहारा. दूध वर चढलं, पुरती उकळी आली, की उतरवलंच. दुसरी उकळी नाही. एकदा पाहुण्यांनी दार वाजवलं, तर आतून आवाज आला, "थांबा, दूध वर येऊन राह्यलं!" पाहुणे ओसरीवर ताटकळले. आमची सासुरवाडी धामणगाव बढ्याची. तिथे गोवऱ्यांच्या विस्तवावर दूध दिवसभर तांबूस होईतो आटायचं, आणि जाड सायीचा पेला हाच जावयाचा मान. यांनी पेल्यात डोकावून सासूबाईंना सांगितलं, "मामी, हे दूध मेलं. याले आता खांदा द्या."

"अन् तुमी जित्तं पेता का, जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. घर हसलं. सर्वांत मोठ्याने मी.

ताईंच्या शेवटच्या आजारात मी त्यांच्याकडेच राहत होतो. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "हृदय जन्मापासून अधू आहे. दुधाने काही होणार नाही. त्यांना तुम्हीच सांगा." पण चुलीपुढचा साडूंचा आशेने भरलेला चेहरा पाहून माझं धाडस होईना. ताई गेल्या. सासूबाईंनी भरल्या घरात टाहो फोडला, "कच्चं दूध पाजू पाजू मारलं वं माह्या लेकीले!" साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी नवा जावई; खाली मान घालून बसलो. आमच्या नात्यात अजूनही तसंच सांगतात. म्हणून लिहितो: ते दूध कच्चं नव्हतं. प्रत्येक उकळी मी पाहिली आहे.

नंतर बरीच वर्षं मी चिखलीला जायचं टाळलं. शेवटी गेलो, तर छत्री खुंटीला, आणि चुलीच्या निखाऱ्यावर सकाळपासूनचं दूध तांबूस झालेलं.

"आता काय, कितीबी उकयो," ते म्हणाले. "मामीचंच खरं असन."

तेव्हा मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. ते बराच वेळ दूध ढवळत राहिले.

"मंग तवा काऊन नाही बोलले, साडभाऊ?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी पेला भरून पुढे केला.

"घ्या. मेलेलं हाये, पण गोड हाये."

मी ते सायीसकट प्यालो.