शंकरदादाची साखळी

दादा गेल्याची तार आली तेव्हा मी नगरला छापखान्यात खिळे जुळवत होतो. तार वाचली, खिशात घातली आणि हातातली ओळ पुरी केली... का केली, ते सहा आठवडे झाले तरी कळलेलं नाही. श्रीगोंद्याला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. कावीळ झाली होती. शेवटच्या पत्रात त्यानं 'अंगात कसकस आहे' एवढंच लिहिलं होतं, आणि मी ते पत्र बाजूला टाकलं होतं. दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

त्याआधी गावाजवळच्या सॉ मिलमध्ये मी ओंडके ढकलायच्या कामावर होतो. पहारी लावून आम्ही चौघं ढिगातले ओंडके करवतीपर्यंत लोटत न्यायचो. एका सकाळी एक ओंडका सोडवला, त्याच्यामागं दुसराही सुटला आणि माझा पाय दोहोंच्या मध्ये सापडला. थोरला भाऊ शंकरदादा साखर कारखान्यात फिटर. दर सुट्टीला तो दवाखान्यात माझ्या खाटेशी बसायचा. कागदावर नुसत्या रेघा ओढायचा... मी लंगडत घरी आलो तेव्हा समजलं, कारखान्यानं मोडीत काढलेली, ऊस वाहणारी साखळी त्यानं मिलच्या शेठला घ्यायला लावली होती. आता ती ओंडके करवतीकडं नेत होती, आणि वाटेत एक लोखंडी दांडा एका वेळी एकच ओंडका पुढं सोडत होता. शेठनं ढकलणाऱ्या चौघांतले दोघं ठेवले, दोघं काढले. काढलेल्यांत मी.

"माझ्या पोटावर पाय दिलास तू," मी भर अंगणात ओरडलो.

तो फडक्याला हात पुसत उभा होता. "काम दुसरं मिळंल रं दत्तू. पाय कुठनं आनायचा?"

मी त्याच दिवशी घर सोडलं. त्याची पत्रं येत राहिली... विहीर आटली, आई आठवण काढते, एकदा येऊन जा. दिवसभर दुसऱ्यांचा मजकूर जुळवणाऱ्या मला भावाला दोन ओळी लिहवल्या नाहीत.

दहावा झाल्यावर वहिनी म्हणाली, "भावजी, एकदा मिलमदी जाऊन या. तुमी त्यांचं काम पाह्यलंच न्हाई."

गेलो. दुष्काळात वाळलेल्या कडुलिंब-आंब्यांच्या ओंडक्यांचा ढीग छपराला टेकला होता. साखळी चालू होती. एक ओंडका पुढं गेला, दांड्यानं मागचा धरून ठेवला, मग तोही हळूच सोडला. माझ्याबरोबर पहार धरणारे किसनमामा जवळच तंबाखू मळत उभे होते, ढिगाकडं पाठ करून. आमच्या वेळी त्या ढिगाकडं कुणी कधी पाठ केली नव्हती.

मी मोठ्यानं "दादा" म्हणालो. करवतीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.