एका बाटलीत एकच मुंगी

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी तेलगावच्या आमच्या शेतात वेचणीच्या बायकांना चहा देत होते. बीडच्या कॉलेजात तास संपवून ती खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. शैला माझी नणंद, वयाने माझ्याएवढीच. दीड महिना झाला. भेटायला येणारे अजून म्हणतात, बिचारीनं लग्न केलं नाही. त्यांना मी सांगते, तिला बिचारी म्हणू नका.

ती प्राणिशास्त्र शिकवायची आणि रविवारी एसटीने येऊन आमच्या बांधावर पालथी पडायची. बांधाच्या अलीकडे काळ्या रानात एका जातीच्या मुंग्या, पलीकडे मुरमाड माळावर दुसऱ्या, आणि खुद्द बांधावर दोघींचा संकर, असं तिचं म्हणणं. तिचा भाऊ, म्हणजे आमचे हे, तोंडावर म्हणायचे, "शैले, लोक जमीन मोजाया येतेत, तू मुंग्या मोजाया येतीस." एकदा तिने त्यांनाच विचारलं, हायब्रीड सरकीचं बी घरी धरून पेरलं तर काय होतं? "एक झाड एका तऱ्हेचं, दुसरं दुसऱ्या," हे म्हणाले. बांधावर कितीतरी पिढ्या तेच चाललंय, तिने समजावलं. दोन जातींची जनुकं मिसळली, आता त्यातलं काय टिकलं आणि काय गळलं ते तिला बघायचं होतं. मुंग्यांतल्या नराला बाप नसतो, जनुकांचा एकच संच, तोही आईकडून आलेला. खोट झाकायला दुसरा संच नाही, म्हणून न जुळणारं लवकर गळतं... हे मला तिच्यामुळे कळलं.

एका वर्षी तिचा पाय मोडला आणि मुंग्या गोळा करायचं काम मी अंगावर घेतलं. स्पिरिटच्या छोट्या बाटल्या तिने मोजून दिल्या होत्या. मी काटकसरीची बाई. मुंग्या भरपूर सापडल्या तशा एकेकीत दोन-दोन, तीन-तीन घातल्या, वर चिठ्ठ्या लावल्या आणि उरलेल्या बाटल्या धुऊन फडताळात ठेवल्या. पुढे प्रयोगशाळेचं पत्र आलं. प्रत्येक नमुन्यात दोन्ही जातींचा अंश आहे, पण वाटेत मुंग्यांचे तुकडे झालेत. बाटलीत एकच मुंगी होती का? दोन जातींच्या दोन मुंग्या एकत्र असल्या तरी असंच दिसेल. कॉलेजात लोक आधीच तिच्या बांधावरच्या संशोधनाला हसायचे, त्यांना हे आयतंच मिळालं. ती काठी टेकत आली आणि तिने मला विचारलं. मी खरं ते सांगितलं.

तिने फडताळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाटल्या वाचवल्या व्हय, वैनी?"

मी म्हटलं, एकच होती असं लिही, कोण बघायला येतंय?

"मला ठाऊक हाय ना."

आमच्याच ओट्यावर बसून तिने पत्र लिहिलं. "नमुने सदोष आहेत, निकाल धरू नये, चूक माझी," आणि खाली स्वतःची सही. माझं नाव कुठेही नव्हतं. वर्षाचं काम गेलं.

पुढचे दोन हंगाम ती मुंगी उचलायची, मी चिठ्ठी लिहायची. एका बाटलीत एकच. या वेळी शंकेला जागा नव्हती. एकेका मुंगीत दोन्ही जाती निघाल्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, वेगवेगळ्या बांधांवर संकर वेगवेगळा झालेला, तरी जनुकांचे बरेचसे तेच तुकडे टिकले होते आणि तेच गळले होते. लेख परदेशी छापून आला. हसणारे त्याची प्रत मागायला लागले. तिने एक प्रत आम्हाला आणून दिली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. इंग्रजीत आभार होते. चूक कबूल करणाऱ्या पत्रात नसलेलं माझं नाव तिथे होतं... नमुने गोळा करणारी म्हणून.

वाचवलेल्या बाटल्या अजून फडताळात आहेत. काम तिची विद्यार्थिनी पुढे नेणार आहे. परवाच्या रविवारी मी त्या बाटल्यांतल्या बारा घेऊन बांधावर गेले. बारा मुंग्या उचलल्या, बारा चिठ्ठ्या लिहिल्या. तेराव्या मुंगीला जाऊ दिलं.