खिशातले हात

आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यातला आमचा मेंटेनन्स सुपरवायझर कायम खिशात हात घालून उभा. पंप कुरकुरला तरी स्वतः पान्याला हात लावायचा नाही. मास्कच्या वरून आमच्याकडे बघत एवढंच विचारायचा, "काय ऐकू येतंय?" रागच यायचा मला.

कोविडच्या त्या हिवाळ्यात एकदा मी पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवला, त्याच्या मुठीला कान लावला आणि म्हणाले, "बेअरिंग खराब होत चाललंय. पंप बंद करा." प्रॉडक्शनवाले खवळले.

"ती म्हणतेय ना? मग बंद," तो म्हणाला.

मी पंप उघडला. बेअरिंगला खरंच तडा गेला होता. हुश्श!

"ग्रँड," असं खास आयरिश 'मस्त' म्हणत त्याने खिशातून नवं बेअरिंग काढलं. "सकाळपासून घेऊन फिरतोय."