शनिवारी खडू न धरणारे सियोनकाका

सियोनकाका झिराडकर इंग्लंडमधल्या स्लाऊ गावी एका बेटिंग शॉपमध्ये, म्हणजे घोड्यांवर पैसे लावायच्या दुकानात, फळा लिहायचे. भिंतीवरच्या स्पीकरमधून घोड्यांचे भाव आणि शर्यतीचं वर्णन यायचं, आणि काका ऐकता ऐकता सगळं खडूने फळ्यावर मांडायचे. मुंबईत त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. अक्षर छापल्यासारखं.

१९६६ मध्ये ते ही नोकरी मागायला गेले, तेव्हाच त्यांनी मालकाला, लँगलीला, सांगून टाकलं, "शनिवारी येणार नाही. आम्ही ज्यू, त्या दिवशी आमचा शब्बाथ, विश्रांतीचा वार असतो. तेव्हा आम्ही लिहीतसुद्धा नाही."

"अहो, माझा खरा धंदा शनिवारचाच!" लँगली म्हणाला.

काका टोपी घालून निघालेच होते. तेवढ्यात कोपऱ्यातलं एक गिऱ्हाईक बोललं. कीनन नावाचा आयरिश माणूस, रस्ते खोदून निवृत्त झालेला, एकटा. "शनिवारी मी लिहीन. पैसे नकोत, चहा पाजा."

पाच वर्षं असं चाललं. मग कीननचे आकडे बिघडायला लागले. आठाचा तीन व्हायचा, एका घोड्याचा भाव दुसऱ्यापुढे जायचा. लोक ओरडले. लँगली म्हणाला, "म्हातारा पितो वाटतं." काकांनी मात्र एका सोमवारी आदल्या शनिवारचा फळा पुसायच्या आधी नीट पाहिला. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. त्यांनी कीननला विचारलं, "समोरच्या घड्याळात किती वाजले?"

कीननने डोळे बारीक करून भिंतीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "कुठे आहे घड्याळ?"

काकाच त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्ट्या, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. शनिवारी बसमध्ये बसायचं नाही म्हणून काका तासभर चालत हॉस्पिटलला पोचले.

"आज मोठी शर्यत," कीनन पुटपुटला, "आणि मी इथे पोत्यासारखा पडलोय. सुरू झाली असेल ना?"

वॉर्डात रेडिओ नव्हता. पण घोड्यांची यादी काकांनी शुक्रवारी पाठ करून ठेवली होती. ते त्याच्या कानाशी वाकले.

"तुझा घोडा कुठला?"

"सिल्व्हर थिंबल नावाची घोडी."

"निघाले!" काका स्पीकरच्या सुरात, पण हलक्या आवाजात सांगू लागले. वळण आलं, दोन घोडे मागे पडले, सिल्व्हर थिंबल कडेकडेने पुढे सरकली. शेवटच्या टप्प्यात काका क्षणभर अडखळले.

"सिल्व्हर थिंबल दुसरी. मानेच्या फरकाने."

कीननचे ओठ थरथरले. काका घाबरले. पण तो हसत होता. "हसवू नकोस रे, डोकं हलवायची बंदी आहे! तुझ्या तोंडूनसुद्धा हरतोच का मी?"

शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "पुढची शर्यत कधी?" भेटीची वेळ संपेपर्यंत काकांनी आणखी तीन शर्यती पळवल्या.

घरी आल्यावर फ्लोराकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं. "अहो, जिंकू द्यायचं होतं की बिचाऱ्याला! तुमचं काय जात होतं?"

"जिंकला असता तर त्याला वाटलं असतं, मी कीव करतोय."

 रविवारी काकू नारळाच्या दुधातला हलवा घेऊन स्वतः हॉस्पिटलला गेल्या आणि अनोळखी माणसाला चमच्याने भरवून आल्या.

पट्ट्या निघाल्या, जाड भिंगांचा चष्मा आला. फळ्याचं काम काही कीननला पुन्हा जमलं नाही. लँगलीने शनिवारसाठी एक मुलगी ठेवली. कीनन मग शनिवारी दुपारी झिराडकरांकडे यायला लागला. मनुकांचं सरबत प्यायचा, काकांच्या खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायचा. झोप लागली की काकू त्याचा चष्मा अलगद काढून टेबलावर ठेवायच्या.