दोन नावांमधला ‘व’

छापखान्यात तिला सगळे मायनाबाई म्हणायचे. तोंडावर नाही हो, पाठीमागे. पण तिचे कान तिखट होते, आणि खरं सांगायचं तर ते नाव तिला आवडायचंही. पत्राच्या सुरुवातीला समोरच्याला काय म्हणून हाक मारायची, म्हणजे मायना, यावर तिचं पोट चाललं होतं. सव्वीस वर्षं ती खिडकीशेजारच्या त्याच टेबलापाशी बसून लोकांची निमंत्रणं, आभाराची आणि सांत्वनाची पत्रं लिहून देत होती. मालक छापायचे, शब्द तिचे.

लोकांनी मात्र तिला अगदी वीट आणला होता. एक जण यायचा आणि म्हणायचा, “वर काही नको, नुसतं ‘हाय’ लिहा, सगळ्यांना एकच पाठवतो.” सगळ्यांना एकच! म्हणजे सासऱ्यांनाही हाय आणि वर्गमित्रालाही हाय. दुसऱ्याने बायकोचे आजोबा गेल्यावरच्या सांत्वनाच्या पत्राखाली ‘आपल्या आनंदात सहभागी’ असं लिहून आणलं होतं, कारण मागच्या पत्राखाली तेच होतं. परवाच एक बाई पुढ्यात बसून म्हणाली, “आत्याबाईंना बोलवायचंय, पण त्या येऊ नयेत असं काहीतरी लिहा.”

“मग बोलावता कशाला?”

“नाही बोलावलं तर त्या रागावतील.”

“आणि आल्या तर?”

“तर आम्ही रागावू.”

आता बोला! अशा माणसांपुढे तिने हात टेकले होते. तरी ती लाल पेन घेऊन प्रत्येक मसुदा डोळ्यांत तेल घालून वाचायची. ‘सहपरिवार’ लिहिणाऱ्याला आधी विचारायची, परिवार किती मोठा आहे ते माहीत आहे का? आणि पाकिटावरचं नाव हातानेच लिहायला लावायची. मालक म्हणायचे, “बाई, एवढं कोण बघतं?” ती म्हणायची, “ज्याच्या हातात पाकीट पडतं तो बघतो.”

तर अशा बाईच्या समोर, गिऱ्हाईकाच्या खुर्चीत, एका दुपारी तिची स्वतःची मुलगी येऊन बसली. मुलगी नोकरीच्या जवळ म्हणून वेगळी राहायची, रविवारी यायची. आज वाकडी वाट करून आली होती.

“आई, कार्ड करायचंय.”

मायनाबाईचा चेहरा असा खुलला की आतल्या मशीनवरून मालकांनीही मान वर केली. या कार्डाचा मजकूर तिच्या डोक्यात कधीचा तयार होता. तिने कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाली, “सांग.”

मुलीने सांगितलं. नवऱ्या मुलाचं नाव, स्वतःचं नाव, तारीख, वेळ, सभागृह. सगळं छान चाललं होतं. मग ती म्हणाली, “आणि खाली निमंत्रक म्हणून तुम्हा दोघांची नावं. आधी बाबांचं, मग ‘व’, मग तुझं.”

मायनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेन थांबलं.

“हा ‘व’ कुठून आणलास?”

“आई, एक अक्षर आहे ते.”

“अक्षर? अगं, ‘व’ म्हणजे आम्ही दोघं मिळून तुम्हाला बोलावतोय. एकोणीस वर्षांत आम्ही दोघं मिळून चहासुद्धा प्यायलो नाही!”

खरंच होतं ते. मुलगी सात वर्षांची असताना तिचा बाप घर सोडून गेला होता. दुसरी कुणी बाई नाही, भांडण नाही, काही नाही. जमत नाही म्हणून गेला. जाताना फ्रीजवर एक चिठ्ठी चिकटवली: ‘मी जातोय. शोधू नका.’ वर मायना नाही, खाली सही नाही. आणि ‘नका’! जन्मभर बायकोला अगं-तुगं करणारा माणूस जाताना एकदम आदराने बोलला. तो गेला याचं दुःख पुढे बोथट झालं, पण त्या ‘नका’चा राग अजून ताजा होता. पुढे मुलगी कमवायला लागल्यावर तो तिला भेटू लागला. मायनाबाई त्यावर चकार शब्द बोलली नाही. भेटू दे, तिचा बाप आहे. पण म्हणून त्याच्या शेजारी जाऊन छापून घ्यायचं?

पुढचे आठ दिवस छापखान्यात दुसरा विषय नव्हता. नावं दोन ओळींत घालून पाहिली. मग वर कोण आणि खाली कोण? तो वर तिला चालेना, तो खाली मुलीला चालेना. “बाबा काय तळटीप आहेत का?” मुलगी म्हणाली. शेजारी शेजारी घातली तर ‘व’ नसला तरी तो दिसायलाच लागला. मालकांनी मध्ये पडून सुचवलं, “स्वल्पविराम घाला की.”

“स्वल्पविराम म्हणजे काय? जरा थांबून पुन्हा एकत्र?” ती अशी खेकसली की मालक मुकाट्याने शाई भरायला निघून गेले.

पाचव्या मसुद्याला मुलगी दमून म्हणाली, “मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, तुझी आई म्हणेल तसं.”

“बघ! बघ कसा माझ्यावर ढकलून मोकळा झाला! उद्या चार लोक म्हणतील, बापाचं नाव आईने काढून टाकलं. आयुष्यात एक निर्णय स्वतः घेतला त्याने, आणि तोही मला न विचारता!”

मुलीचे डोळे भरून आले. “आई, मला तुमच्यातलं काहीच नकोय गं. एका कागदावर तुम्ही दोघं हवे आहात, बस. तेवढंही जमत नसेल तर कुणाचंच नाव नको.”

हे ती रडवेली होऊन म्हणाली होती. पण मायनाबाईला त्यात वाट सापडली. “मग कुणाचंच नको!” तिने टेबलावर हात आपटला. “तुम्ही नवरा-नवरी चांगले मोठे आहात, तुमच्या नावाने बोलवा. त्यात काही गैर नाही. ज्याचं नाव खाली तो बोलावणारा, बाकी सगळे पाहुणे. अगदी नियमात बसतं.”

मुलीने डोळे पुसले. “नक्की?”

“नक्की म्हणजे काय? आत्ता छापायला देते.”

आणि दिलं. फार सुरेख कार्ड झालं ते. जाड पांढरा कागद, मोजके शब्द, कुठे लाडिकपणा नाही. सोबत उत्तरासाठी एक छोटी चिठ्ठीही छापली, कारण येणार की नाही हे न कळवणाऱ्या लोकांचा तिला मनस्वी तिटकारा होता. मालक म्हणाले, “बाई, सव्वीस वर्षांत असं कार्ड नाही झालं.” तिलाही तसंच वाटत होतं. तो माणूस कागदावर कुठे नव्हता. आपणही नाही आहोत, हे तिच्या ध्यानात आलं होतं, पण ते तिने फारसं मनावर घेतलं नाही. मुलगी खोकं उचलून घेऊन गेली.

त्यानंतर नवव्या दिवशी पोस्टमनने छापखान्याच्या टपालात एक पांढरं पाकीट आणून टाकलं. वर तिचं पूर्ण नाव, आधी श्रीमती, हाताने लिहिलेलं. अक्षर मुलीचं. पहिल्यांदा तिला कौतुकच वाटलं, किती नीट लिहिलंय, ओळ जरासुद्धा वाकडी नाही. मग तिने पाकीट उघडलं, आणि तिचाच मजकूर तिला म्हणाला, ‘आपण अवश्य यावे.’

तिने फोन लावला.

“हे काय पाठवलंस?”

“मिळालं का? नाव बरोबर लिहिलंय ना?”

“मला कार्ड पाठवलंस?”

“अगं, सगळ्यांना पाठवलं.”

“मी ‘सगळे’ आहे का गं?” तिचा आवाज चढला. “मी पाहुणी आहे? तुझ्या लग्नाला मी पाहुणी?”

 मग मुलगी बोलली, रागाने नाही, सांभाळून बोलल्यासारखी. “तूच म्हणालीस ना आई, ज्यांची नावं खाली नाहीत ते पाहुणे. मी ‘नक्की’ असं विचारलंही. मग बाबांना पाठवायचं आणि तुला नाही, हे कसं दिसलं असतं? म्हणून दोघांना सारखंच पाठवलं.”

सारखंच! एकोणीस वर्षं शाळेच्या फॉर्मवर एकटीने सह्या केल्या, तापात उशाशी बसली, बारावीला पहाटे उठवलं, आणि पाकीट मात्र सारखंच. तिला भांडायचं होतं. ओरडायचं होतं. पण कोणाशी? मुलीने कुठे काही चुकवलं नव्हतं. जे शिकवलं ते तिने अक्षरशः पाळलं होतं.

“त्याचं उत्तर आलं?” तिने शेवटी विचारलं.

“हो, कालच फोनवर. एकटेच येणार आहेत.” तिचा आवाज मुलीला ओला वाटला. “आई, तू रडतेयस का?”

“नाही. गिऱ्हाईक आलंय,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. दुकानात चिटपाखरूही नव्हतं.

मग तिने लाल पेन उघडलं आणि कार्ड पुन्हा वाचायला घेतलं. काहीतरी चूक सापडू दे, कुठेतरी, म्हणजे त्यावर तरी चिडता येईल. वेलांटी बरोबर. तारीख बरोबर. सभागृहाचा पत्ता बरोबर. शेवटी उत्तराची चिठ्ठी हातात घेतली. तिच्यावर तिने स्वतः छापलं होतं: ‘आम्ही ____ जण येणार आहोत.’ रिकाम्या जागेत तिने ‘एक’ लिहिलं आणि वाचून पाहिलं. आम्ही एक जण येणार आहोत.

 मग तिने ‘आम्ही’वर लाल रेघ मारली, वर ‘मी’ लिहिलं. ‘एक जण’ खोडलं. ‘आहोत’ खोडून ‘आहे’ केलं.

मालक आतून हात पुसत आले आणि तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, “काय हो, चूक राहिली की काय आपल्या कार्डात?”

“राहिली,” ती म्हणाली. “एवढी कार्डं छापली, पण कुणी एकटंच येणार असेल तर त्याने काय लिहायचं, याचा मी विचारच केला नाही.”