आर्डिथच्या गाडीचे दिवे

आर्डिथ क्लोसन गाडीचे दिवे चालूच ठेवून उतरते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. चर्चपुढे, किराणा दुकानापुढे, दाताच्या दवाखान्यापुढे, कुठेही. आयोवातल्या थंडीत बॅटरी उतरायला वेळ तो किती लागणार? मग समोरच्या घरातल्या मेव्हिस ब्रुगमनला बोलावणं जायचं. बॅटरीला जोडायच्या तारा मेव्हिसने खास आर्डिथसाठी डिकीत कायमच्या टाकून ठेवल्या होत्या, आणि त्यावरून तिने कधी आर्डिथला ऐकवलं नव्हतं.

आर्डिथ उभं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. निम्मं गाव तिच्या हातचं जेवून मोठं झालेलं, आणि कोण वाटाणे ताटात टाकून उठायचं हे तिला अजून आठवायचं. नवरा गेल्यावर घर खायला उठलं तेव्हा तिने पक्षाचं काम अंगावर घेतलं. या खेपेला राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या गव्हर्नर हॅलस्टन यांची ती गावातली प्रचारप्रमुख होती. हॅलस्टन सगळीकडे पुढे होते. टीव्हीवर तेच, वर्तमानपत्रात तेच. खरं तर निवांत बसायचं. पण सिनेटर कॉर्बेटबाई उभ्या होत्या ना.

बाई याच पक्षाच्या. आदल्या वर्षी त्या गावात आल्या तेव्हा आर्डिथनेच त्यांना कॉफी ओतून दिली होती. पण हरणार हे दिसत असूनही बाई मैदान सोडेनात, आणि हॅलस्टनच्या माणसांना त्या डोळ्यांत सलायला लागल्या. पुढे असलेल्या माणसाला मागच्याचा इतका राग का यावा, देव जाणे. बाई हट्टी, बाई घमेंडखोर, बाई विरोधकांच्या पथ्यावर पडणार. आर्डिथ बाईंच्या चिरक्या आवाजाची नक्कल करायची आणि प्रचाराचे फोन करायला जमलेल्या बायका पोट धरधरून हसायच्या. जे बाईंच्या मागे जातात त्यांनी अक्कल गहाण टाकली आहे, असं ती बेधडक म्हणायची.

शनिवारी आर्डिथ आणि मेव्हिस एकमेकींचे केस करायच्या, कित्येक वर्षांचा रिवाज. पक्षाच्या सभेआधीच्या शनिवारी मेव्हिस आर्डिथच्या केसांत रोलर गुंडाळत होती.

"मी कॉर्बेटबाईंच्या कोपऱ्यात उभी राहणार आहे," ती म्हणाली. "म्हटलं, तुला आधी सांगावं."

"तू? तुला गं कुणी भरवलं?"

"कुणी नाही. माझ्या भावाच्या गावचं इस्पितळ बंद होत होतं, तेव्हा त्या आल्या होत्या."

"आली असेल मतं मागायला."

"असेल. पण बाकी कुणी तेवढंही आलं नाही."

उरलेले रोलर मेव्हिसने लावून टाकले. आर्डिथला मात्र घरच्याच माणसाने दगा दिल्यासारखं वाटलं. सभेला दोघी आपापल्या गाडीने गेल्या.

आयोवात पक्षाचा उमेदवार ठरवायची ही सभा, कॉकस म्हणतात ती, शाळेच्या क्रीडागृहात भरायची. चिठ्ठी नाही, पेटी नाही. ज्याला जो हवा त्याने त्याच्या कोपऱ्यात जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत उभं राहायचं. कोपऱ्यात पुरेशी माणसं नसली तर तो कोपरा मोडतो, आणि त्या उमेदवाराच्या पदरात गावातून काहीच पडत नाही. बाईंचा कोपरा मोडून दाखवीन, असा शब्द आर्डिथने प्रचार कार्यालयाला दिला होता.

तो कोपरा अगदी काठावर होता. मेव्हिस खिडकीपाशी उभी होती. तिने एकदा बाहेर पाहिलं, कोट अंगात घातला आणि दारातून आर्डिथला हात करून बाहेर बोट दाखवलं. कशासाठी ते आर्डिथला कळलं नाही. तिने सवयीने मान डोलावली आणि मेव्हिस निघून गेली.

तेवढ्यात सभेचा अध्यक्ष लॉइड टिम माणसं मोजायला लागला. मोजणीच्या वेळी जो आत, तोच धरायचा. बाईंच्या कोपऱ्यात एक माणूस कमी भरलं.

"मेव्हिस आत्ता इथे होती," तिथलं कुणीतरी म्हणालं.

लॉइड भला माणूस. त्याने मोठ्याने विचारलं, "मेव्हिस कुठे गेली, कुणी पाहिलं का? जवळच असेल तर थांबतो मी."

आर्डिथ खाली मान घालून हातातले स्टिकर सारखे करत राहिली. 'पाहिलं, येतेय ती,' एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं. लॉइडने थोडी वाट पाहिली आणि कोपरा मोडल्याचं जाहीर केलं. हॅलस्टनच्या बाजूने टाळ्या पडल्या. आर्डिथनेही वाजवल्या, आणि वाजवता वाजवताच तिला आपल्या हातांची लाज वाटायला लागली.

मेव्हिस परतली ती खांद्यांवर बर्फ घेऊन. ती सरळ आर्डिथकडे आली आणि तिच्या तळहातावर किल्ली ठेवली. किल्ली नेहमीसारखी गाडीतच राहिली होती.

"दिवे चालू होते तुझे. बॅटरी उतरतच आली होती, म्हणून तारा जोडून जरा वेळ इंजिन चालू ठेवलं."

मग तिचं लक्ष आपल्या कोपऱ्याकडे गेलं. तिथली माणसं पांगत होती.

"मोजलं?"

आर्डिथने मान डोलावली.

"मी तुला हात केला होता," मेव्हिस हळूच म्हणाली. "म्हणून दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, आर्डिथ आहे."

मोडलेल्या कोपऱ्यातल्या माणसांना आपल्याकडे बोलवायचं असतं, आणि ते काम कोपऱ्याच्या प्रमुखाचं. सगळे आर्डिथकडे पाहत होते. ती मेव्हिसकडे वळली. "तुला जाताना मी पाहिलं होतं गं," ती म्हणाली, "मी मुद्दाम बोलले नाही."

मेव्हिसने हातमोजे चढवले. लॉइडला शुभरात्री म्हणून घरी निघून गेली.

खुर्च्या रचून झाल्यावर, सगळ्यांचं अभिनंदन स्वीकारून, आर्डिथ गाडीत बसली. गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली. नसती झाली तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. मग कुणाला तरी बोलवावं लागलं असतं, आणि बोलवायला तिला एकच माणूस माहीत होतं.