सात परस

उमरखेडच्या एका लहान संस्थेत मी विहिरींच्या पाण्याच्या नोंदी ठेवते. उन्हाळा लागला की गावोगावच्या बाया विहिरीत दोर सोडून पाणी किती खाली गेलं ते मोजतात आणि मला फोनवर आकडा कळवतात. मी तो एक्सेलमध्ये टाकते. त्यावरून टँकर आधी कुठे हवा, याची यादी बनून तालुक्याला जाते.

आकडे फुटांत येतात, यादीत मीटर लागतात. आधी मी कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे. मग फुटांचे मीटर करणारा फॉर्म्युला सापडला. पहिल्या खान्यात लिहायचा, कोपरा धरून खाली ओढायचा, की सगळा रकाना भरतो. मला त्याचं फार कौतुक होतं. त्या दिवशीही तसाच ओढला, यादी पाठवली आणि डबा उघडला.

दुसरा घास घेताना नजर पुन्हा स्क्रीनवर गेली. आजूबाजूच्या सगळ्या विहिरींत पाणी नऊ-दहा मीटरवर होतं. फुलसावंगीकडच्या एका तांड्यावर मात्र दोन पूर्णांक तेरा. मी शेजारचा खाना पाहिला. सात. मी सात फूट धरले होते. त्या आकड्यामुळे तांडा यादीत पार तळाशी गेला होता.

डबा तसाच राहिला. तांड्यावर फोन लावला, लागत नव्हता. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. खुर्चीत बसवेना. विहीर खरंच भरली असेल, जिवंत झरा असेल, असं मनाला सांगून पाहिलं. आमच्या साहेबांना म्हटलं, "मी जाऊन येते."

"उद्या जा की," ते म्हणाले.

"उद्यापर्यंत मला दम निघणार नाही."

एसटीत खिडकीला डोकं टेकवावं म्हटलं तर तेही जमेना. फाट्यावर उतरून तांड्यापर्यंत चालत गेले. ऊन चांगलंच होतं. आकडा पाठवणारी म्हातारी बाभळीखाली बसली होती. तांड्यावर सगळे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. मीही तेच म्हणते.

"याडी, तू सात सांगितले. सात काय?"

"सात परस."

तिने दोन्ही हात बाजूंना लांब केले. "या बोटापासून त्या बोटापर्यंत एक. दोर असाच मोजते मी. काहून?"

"मी सात फूट समजले."

ती म्हणाली, "सात फुटावर पानी असतं त दोर कायले नेला असता? वाकून घागर बुडवली असती." मग तिने विचारलं, "म्हणजे आता टँकर नाही येणार का?"

मी हो म्हटलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने सुनेला सांगून मला पाणी दिलं. तांब्यात तळाला गढूळ थर होता. मी ते सगळं प्यायले, कारण ठेवून देणं शक्यच नव्हतं.

पिशवीत टेप होती. याडीला उभी केली, हात पसरायला लावले आणि बोटापासून बोटापर्यंत मोजलं. एकशे पंचावन्न सेंटिमीटर. सात परस म्हणजे जवळजवळ अकरा मीटर. विहिरीवर जाऊन पुन्हा दोर सोडला, तेवढंच भरलं. एक्सेलच्या फॉर्म्युल्याला परस हे माप माहीत नाही. मलाही माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त यादी घेऊन मी स्वतः तालुक्याला गेले. तिथल्या बाबूंनी पहिली यादी मंजूर झाल्याचं सांगितलं. दुरुस्ती आता पुढच्या आठवड्यात, म्हणाले. चूक माझीच होती, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. ऑफिसात येऊन मी शीटमध्ये नवा रकाना घातला, 'माप कोणतं', आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक गावाला फोन केला. बाभुळगावकडच्या एका बाईने हातांत मोजलं होतं, कोपरापासून बोटापर्यंत. तिचा आकडाही मी फूट म्हणून ओढला होता.

तो आठवडा मी नीट जेवले नाही. रोज याडीच्या सुनेला फोन करायचे. ती एकच सांगायची, "नाही आला." बाया दुसऱ्या शिवारातून पाणी आणत होत्या. आठव्या दिवशी फोन याडीनेच उचलला. मागे डब्यांचा, बायांचा गलका.

"आला टँकर," ती म्हणाली. "आता ठेव फोन. माहा नंबर लागून राह्यला."